नवे जबडे, जुना व्हाइस

वाचकाचे पत्र

मी अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काम करतो. गळावर पिसे आणि दोरा गुंडाळून मासेमारीसाठी कृत्रिम माशी, म्हणजे फ्लाय, बांधतात. त्यासाठी वापरले जाणारे आणि आता बनणे बंद झालेले व्हाइस, म्हणजे गळ घट्ट धरून ठेवणारे छोटे शिकंजे, जमवण्याचा मला नाद आहे. देवळाली कॅम्पमधल्या एका जुन्या बंगल्याचे सामान विकायला निघाले, त्यातल्या एका पेटीत मला थॉम्पसन मॉडेल ‘ए’ मिळाला. त्याच्या एका जबड्याचे टोक उडालेले होते. मी मापे घेऊन ओएचएनएस या हत्यारांच्या पोलादात नवे जबडे बनवले, हार्डनिंग करून घेतले आणि बसवले. ते मूळ जबड्यांपेक्षा चांगले धरतात. फोटो पाहून पुण्याचे एक संग्राहक त्याच्या बदल्यात, वर माझ्याकडून १५,००० रुपये घेऊन, आपला सुरुवातीच्या काळातला एचएमएच व्हाइस द्यायला तयार झाले आहेत. जबडे मूळचे आहेत का, हे त्यांनी विचारलेले नाही. मी आपणहून सांगावे का? कुरिअर करण्याआधी व्हाइसला नव्याने निकेल चढवून घेऊ का? त्याच पेटीत पिसांनी भरलेला बिस्किटांचा डबा आहे. तो सोबत दिला तर चालेल का? पुढेमागे इंग्लंडहून एखादा जुना व्हाइस मागवण्याचा विचार आहे, त्याविषयीही मार्गदर्शन करावे.

— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

जबडे नवे आहेत हे तुम्ही आपणहून सांगावे, आणि सौदा पक्का होण्याआधी सांगावे. पुण्याच्या गृहस्थांनी विचारले नाही याचे कारण सरळ आहे. समोरच्या फोटोत अखंड, टोकदार जबडे दिसत असताना ‘हे बदललेले आहेत का’ असा प्रश्न सहसा कोणाला सुचत नाही. म्हणजे तुमच्या फोटोने त्यांना एक उत्तर आधीच देऊन टाकले आहे, आणि ते चुकीचे आहे. अशा वेळी गप्प राहणे आणि खोटे बोलणे यांत मला तरी फारसे अंतर दिसत नाही.

हा आग्रह कशासाठी, ते तुमच्यासारख्या टूलरूममधल्या माणसाला समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही. मॉडेल ‘ए’ म्हणजे एक छोटा कोलेटच आहे, म्हणजे चीर दिलेली, आवळली की मिटणारी पकड. पुढे चीर दिलेल्या दांड्याचे टोक हेच त्याचे जबडे. मागची तरफ दाबली की तिचा कॅम, म्हणजे एका बाजूने फुगीर भाग, त्या दांड्याला मागे ओढतो, जबड्यांचा उतार नळीच्या तोंडात रुतत जातो आणि दोन्ही टोके गळावर मिटतात. क्लॅम्प, उभा दांडा, नळी आणि तरफ हे सगळे भाग त्या टोकांपर्यंत जोर पोहोचवण्यासाठी आहेत, त्यामुळे व्हाइसची सगळी परीक्षा जबड्यांच्या शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये होते. जुन्या व्हाइसचा जाणकार गिऱ्हाईक भिंग लावून पहिल्यांदा तेच पाहतो. तिथे गळाच्या तारेने पाडलेली खाच आहे का, टोक फुलले आहे का, दोन्ही जबडे मिटल्यावर मधून उजेड दिसतो का, यावरून तो किंमत ठरवतो. अशा वस्तूचा नेमका तोच भाग तुम्ही बदललेला आहे.

मात्र त्याआधी एक गोष्ट तपासून पाहा, कारण तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. हाती आलेला व्हाइस अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या एल्गिन गावी, डी. एच. थॉम्पसन यांच्या कारखान्यात बनलेला आहे, याची तुम्ही खात्री केली आहे का? मॉडेल ‘ए’ची जितकी नक्कल झाली तितकी क्वचितच दुसऱ्या कुठल्या फ्लाय व्हाइसची झाली असेल, आणि त्या नकलांपैकी पुष्कळशा आपल्याच देशात बनल्या. नवशिक्यांसाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त किटांमधून भारतीय बनावटीचे हे व्हाइस वर्षानुवर्षे जगभर गेले. ते कामाला अगदीच टाकाऊ होते असे नाही. परंतु अनेकांचे जबडे मऊ निघाले, मुलामा लवकर उडाला, आणि त्यामुळे भारतातून येणारा ‘जुना थॉम्पसन’ म्हटले की परदेशातला संग्राहक आजही भुवया उंचावतो. पेटी देवळालीच्या बंगल्यातून आली म्हणून आतला व्हाइस साहेबाच्या काळातला ठरत नाही. बंगल्यात नंतर राहणाऱ्या कोणीही तो आणलेला असू शकतो.

ही तपासणी तुम्हाला घरबसल्या करता येईल. नावाच्या ठशावर एकट्यावर विसंबू नका, कारण ठसा मारणे हे सगळ्यांत सोपे काम आहे. पिच गेज, म्हणजे आटे मोजण्याच्या दातेरी पट्ट्या, घ्या आणि क्लॅम्पचा स्क्रू, उंची धरून ठेवणारा स्क्रू आणि जबड्यांच्या दांड्यावरचे आटे मोजा. अमेरिकन कारखान्याचे आटे इंचात आणि ६० अंशांचे असणार. ५५ अंशांचा व्हिटवर्थ आटा आढळला तर तो माल ब्रिटिश वळणाच्या वर्कशॉपमधला आहे असा संशय घ्यायला हरकत नाही, आणि मेट्रिक आटा आढळला तर तो भाग एल्गिनहून निघालेला नाही, असे बहुतेक धरून चालावे. एखादा स्क्रू नंतर बदललेला असू शकतो. सगळेच आटे मेट्रिक असतील तर मात्र वाद घालण्यात अर्थ नाही. नवे जबडे करताना तुम्ही मूळ दांड्याचे आटे मोजलेच असतील, तेव्हा ही नोंद तुमच्या वहीत आधीपासून असण्याचीच शक्यता जास्त आहे.

आता सौद्याविषयी. बनणे बंद झालेली प्रत्येक वस्तू दुर्मीळ असतेच असे नाही, आणि मॉडेल ‘ए’ हे त्याचे ठळक उदाहरण आहे. तो अनेक दशके, फार मोठ्या संख्येने बनला. अमेरिकेत जुन्या मासेमारी सामानाच्या विक्रीत तो सहज सापडतो आणि फारसा महाग पडत नाही. त्याला मोल येते ते मूळ डबा, माहितीपत्रक आणि न झिजलेले जबडे असे सगळे एकत्र असेल तेव्हा. एचएमएचची गोष्ट उलट आहे. हा व्हाइस अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याच्या बिल हंटर यांच्याकडून पुढे आला. आज तो मेन राज्यात बनतो आणि नवा विकतही मिळतो, परंतु संग्राहकांना हवे असतात ते सुरुवातीचे, न्यू हॅम्पशायरचे नग. तेव्हा पुण्याचे गृहस्थ १५,००० रुपये वर मागतात यात वावगे काही नाही. उलट मला शंका येते ती अशी की, एवढ्या रकमेत ते राजी झाले याचे मुख्य कारण तुमच्या थॉम्पसनचे ‘मूळ’ जबडे हेच असावे. ते कारण खोटे आहे हे ठाऊक असून त्यांना सौदा करू देणे तुम्हाला पुढे महागात पडेल. या छंदातली माणसे थोडी आहेत, सगळी एकमेकांना ओळखतात, आणि वस्तू फिरत फिरत कधी ना कधी जाणकाराच्या हाती पडतेच.

सांगितल्यावर ते मागे हटतील, अशी भीती तुम्हाला असणार. कदाचित हटतीलही. परंतु तुमच्या पत्रात एक वाक्य असे आहे की जे तुम्ही लपवत आहात आणि जे खरे म्हणजे मिरवायला हवे: नवे जबडे मूळच्यापेक्षा चांगले धरतात. जुना व्हाइस कपाटात ठेवणाऱ्याला मूळ भाग हवा असतो. जुन्या व्हाइसवर रोज फ्लाय बांधणाऱ्याला गळ न सरकणारे जबडे हवे असतात, आणि असे चांगले बनवलेले जबडे त्याला बाजारात सहजासहजी मिळत नाहीत. तुमचा व्हाइस या दुसऱ्या माणसासाठी आहे. त्याची किंमत तशीच सांगा, म्हणजे दुरुस्त केलेला, वापरायला उत्तम, अशी. फक्त त्याआधी एक शंका दूर करा. तुम्ही अख्खा तुकडा एकसारखा कडक केला आहे, की टोक कडक ठेवून मागचा चिरेचा भाग स्प्रिंगसारखा लवचीक राहील इतका टेंपर केला आहे, म्हणजे पुन्हा तापवून नरम केला आहे? गळाची तार स्वतः कडक पोलादाची असते, त्यामुळे टोक मऊ राहिले तर तार त्यात खाच पाडते. आणि चिरेचा तळ टोकाइतकाच कडक राहिला तर काही महिन्यांच्या उघडझापीनंतर तिथे बारीक तडा जातो. लेथच्या कोलेटला लावता तोच न्याय इथे लावा, आणि हे काम कसे केले ते घेणाऱ्याला सांगा.

नव्या जबड्यांवर आपली खूण अवश्य कोरा. दांड्याचा जो भाग नळीच्या आत जातो, तिथे इलेक्ट्रिक एन्ग्रेव्हरने तुमची आद्याक्षरे आणि साल कोरले की वस्तूचे रूप बिघडत नाही आणि उद्या ती चौथ्या माणसाच्या हाती गेली तरी तिची गोष्ट तिच्याबरोबर जाते. टोक उडालेले मूळ जबडे तुम्ही भंगारात टाकले नसतील अशी आशा आहे. ते तेलाच्या कागदात गुंडाळून व्हाइसबरोबरच द्या. तुटके असले तरी अस्सलपणाचा त्याहून चांगला पुरावा तुमच्यापाशी दुसरा नाही. आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी लिहितो. मापे हाती आहेत, मशीन हाती आहे, तेव्हा असे आणखी दहा-वीस जोड करून विकण्याचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. जरूर करा, पण तुमच्या नावाने, ‘थॉम्पसनला बसणारे जबडे’ असे म्हणून. थॉम्पसनचे जबडे म्हणून विकलेत तर भारतीय मालाबद्दलच्या ज्या संशयाचा उल्लेख वर केला, त्यात तुमचीही भर पडेल.

निकेलचा विचार मात्र पूर्णपणे सोडून द्या. तुमच्यापासून जवळच, त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. तिथल्या कोणत्याही अभ्यासकाला विचारा की चिंच लावून लखलखीत घासलेल्या जुन्या नाण्याचे काय होते. व्हाइसचेही तसेच आहे. झिजलेला मुलामा, तरफेवर अंगठ्याने पडलेली चकाकी, क्लॅम्पच्या आतले टेबलाचे ओरखडे हे सगळे वयाचे पुरावे आहेत, आणि बफिंगच्या चाकापुढे धरले की ते पाच मिनिटांत नाहीसे होतात. यात रसिकतेपलीकडचा एक धोकाही आहे. मुलामा चढवण्याआधी प्लेटिंगवाले भाग ॲसिडमध्ये बुडवतात. कडक केलेले पोलाद त्या वेळी आणि नंतर प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन शोषून घेते आणि ठिसूळ बनते. प्लेटिंगनंतर लगेच भट्टीत सुमारे १९० ते २०० अंश सेल्सिअसला काही तास तापवून तो हायड्रोजन बाहेर काढावा लागतो, आणि एका सुट्या नगासाठी एवढी तसदी सहसा कोणी घेत नाही. जबडे आणि स्प्रिंग यांसारखे ताण सोसणारे भाग मग एके दिवशी कारण नसताना तुटतात. भांडी बाजारात नेऊन पितळी घुंड्यांना चकाकी आणण्याचा मोहही आवरा. रॉकेलमध्ये भिजवलेला मऊ ब्रश, सुती फडके आणि मशीनच्या पातळ तेलाचा हात एवढे पुरे आहे.

आता बिस्किटांच्या डब्याविषयी. तुमच्या सगळ्या प्रश्नांत मला खरी काळजी वाटते ती याच प्रश्नाची, आणि तुम्ही मात्र तो जाता जाता विचारला आहे. डबा उघडून पिसे हात न लावता नीट पाहा. कोंबड्याच्या मानेची साधी तांबडी, पांढरी किंवा करडी पिसे असतील तर चिंता नाही. भारतीय गावठी कोंबड्याच्या मानेची पिसे तर फ्लाय बांधणाऱ्यांसाठी पूर्वापार परदेशी जात आली आहेत. पण काळपट पिसांवर पिवळट-पांढरे, मेणाच्या थेंबासारखे चकचकीत ठिपके दिसले, आणि ते ठिपके रंगाचे नसून पिसाचाच चपटा, कडक झालेला भाग आहेत असे वाटले, तर ती राखी रानकोंबड्याच्या मानेची पिसे आहेत. हा पक्षी आपल्या सह्याद्रीतला. इंग्रजांच्या सामन (सॅमन) माशासाठी बांधलेल्या जुन्या फ्लायमध्ये या पिसांना मानाचे स्थान होते, आणि त्या हौसेपायी हजारो पक्ष्यांच्या माना परदेशी गेल्या. आज तो वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. त्याची पिसे विकणे, अदलाबदलीत देणे किंवा कुरिअरने पाठवणे हा गुन्हा ठरतो. ‘फुकट दिली’ किंवा ‘आजोबांच्या काळातली आहेत’ हा बचाव कामी येत नाही. अशी पिसे निघाली तर फोटो कोणालाही पाठवू नका, डबा बंद करून ठेवा आणि नाशिकच्या वनविभागाच्या कार्यालयात लेखी अर्ज करून तो कसा आला ते कळवा. घर आवरताना सापडलेली वस्तू स्वतःहून जाहीर करणाऱ्याची बाजू, ती पार्सलात पकडली गेलेल्या माणसापेक्षा केव्हाही भक्कम असते. मोरपिसांचा नियम वेगळा आहे. आपोआप गळलेली पिसे देशात बाळगता येतात, देशाबाहेर पाठवता येत नाहीत. ओळख पटत नसेल तर पक्षी ओळखणाऱ्या माणसाला घरी बोलावून दाखवा.

कुरिअरचाही विचार सोडा. नाशिकहून पुणे काही दूर नाही, आणि दोघांनाही सोयीचे व्हावे म्हणून वाटेत संगमनेरला एखाद्या हॉटेलात भेटता येईल. तुमच्या वस्तूची गोष्ट तुम्ही सांगितलीत म्हणजे त्यांच्या वस्तूची परीक्षा घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. सोबत लहान, मध्यम आणि मोठा असे तीन मापांचे गळ आणि दहापट भिंग न्या. एचएमएचलाही जबडे कोलेटच्या पद्धतीचेच असतात आणि गळाच्या मापाप्रमाणे ते बदलता येतात, म्हणून त्यांच्याकडे जबड्यांचे किती जोड आहेत ते आधीच विचारून ठेवा आणि प्रत्येक जोड वेगळा तपासा. चिरेच्या तळाशी तडा आहे का ते भिंगातून पाहा. बारीक गळाच्या जबड्यांत कोणीतरी मोठा गळ दामटल्यामुळे टोके फाकली आहेत का, तेही पाहा. या व्हाइसची सर्वाधिक हानी याच कारणाने होते. मग मध्यम गळ धरून अंगठ्याने त्याच्या दांडीवर खाली जोर द्या. चांगल्या जबड्यांत गळाची तार आधी वाकते, गळ सरकत नाही. एवढे झाले की एका कागदावर दोन्ही वस्तूंचे वर्णन, बदललेले भाग, दिलेली रक्कम आणि तारीख लिहून दोघांनी सह्या करा, आणि त्या कागदाचा दोन्ही व्हाइससह एक फोटो काढा. रक्कम रोख न देता खात्यातून द्या. समोरच्या माणसाला एवढी लिखापढी अपमानास्पद वाटली तर चहा पिऊन परत या.

इंग्लंडहून मागवण्याबद्दल. तुमचा डोळा लॉरेन्स वॉल्ड्रन यांच्या ‘लॉ’ व्हाइसवर असावा असा माझा तर्क आहे, कारण इंग्लंडचे नाव निघाले की या छंदातले बहुतेक जण तिथेच येऊन थांबतात. हा रोटरी, म्हणजे धरलेला गळ गोल फिरवता येणारा, व्हाइस वॉल्ड्रन यांनी हाताने, थोड्या संख्येने बनवला, त्यामुळे जुन्या नगाची किंमतही चांगल्या नव्या व्हाइसला मागे टाकते. एवढी रक्कम गुंतवण्याआधी दोन नियम ध्यानात ठेवा. भांडवली यंत्रसामग्री सोडून इतर वापरलेल्या वस्तूंची आयात आपल्याकडे निर्बंधित आहे आणि तिला परवाना लागतो, म्हणून जुना व्हाइस कोणत्या वर्गात धरला जाईल याचे उत्तर कस्टम्स ब्रोकरकडून आधी लेखी घ्या. ‘पार्सलवर गिफ्ट लिहितो’ असे विक्रेता म्हणाला तर त्याला स्पष्ट नकार द्या. डिसेंबर २०१९ पासून टपालाने किंवा कुरिअरने येणाऱ्या शुल्कमुक्त भेटवस्तू बंद झाल्या आहेत. सवलत उरली आहे ती जीवरक्षक औषधांना आणि राख्यांना. मला विचाराल तर, एखादा ओळखीचा माणूस तिकडून येणार असेल तेव्हासुद्धा विमानतळावर काय जाहीर करावे लागेल हे ब्रोकरलाच विचारा, आणि ते उत्तर हाती पडेपर्यंत विक्रेत्याला आगाऊ रक्कम देऊ नका.